दगडूची न भरलेली घागर

दगडू, तुझी माय गेली.

चैत्र सरता सरता गेली. सकाळी उठून चूल पेटवली, काठवटीत कळण्याचं पीठ घेतलं, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली ती बसलीच. शेजारच्या सुनेनं विस्तवासाठी हाक मारली तर ओ आली नाही. मी पोचलो तेव्हा हाताला पीठ तसंच होतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू आधी विचारशील, पीठ वाया गेलं का? नाही गेलं. त्याची भाकरी करून गाईला घातली.

तुला वाचता येत नव्हतं. पलटणीत तुझ्या मायचं पत्र आलं की ते मीच वाचायचो आणि तू म्हणायचास, "परत वाच, पन तिना आवाजमा वाच." म्हणून हे लिहून झालं की मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार आहे. गावातले लोक म्हणतील, नामाला साठीच्या आधीच बुद्धी नाठी झाली. म्हणू देत. तीस वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात बोललो, आता जरा उघड्यावर बोलतो.

उद्या आखाजी आहे, गेलेल्यांच्या नावानं पाणी सोडायची अक्षय्य तृतीया. उद्या मी तुझी घागर भरणार आहे. ती इतकी वर्षं का भरली नाही हे तुला माहीत नसेल, आणि त्यात माझा हात किती होता हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेवढं सांगायला बसलोय. पण तुझ्याशी एकदम कामाचं बोलायला लागलो तर तू उठून जाशील, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं.

धुळ्याला भरती आहे असं तूच ऐकून आलास. पाचोऱ्यापर्यंत चार कोस पायी, तिथून गाडीनं चाळीसगाव आणि मग धुळं. रस्ताभर तू मला बादशहासारखा राहा, मिशीला पीळ भर, असलं काहीबाही शिकवत होतास. तुझं माप एका दमात झालं. माझी छाती काही भरेना. गोरा साहेब मान हलवायला लागला, तेवढ्यात तू मागून पाठीत असा गुद्दा हाणलास की माझा श्वास आतच अडकला आणि फीत बरोबर खुणेवर आली. म्हणजे मला पलटणीत घातलं ते तू. आणि तुझी माय मरेपर्यंत समजत होती की तुला नेलं ते मी! एकदा तरी तिच्यापाशी खरं बोलायला हवं होतंस लेका.

पलटणीनं बूट दिले तेव्हाचं आठवतं? जन्मात पहिल्यांदा पायात कातडं, तेही विलायती. तू दोन दिवस घातलेस आणि मग नाड्या बांधून गळ्यात अडकवलेस. म्हणालास, "झिजी जातीन. घर जावावर घालसू." कवायतीपुरते घालायचास आणि कवायत संपली की पुन्हा गळ्यात. हवालदारानं तुला शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या, तर त्याही तू अनवाणी मारल्यास, बूट गळ्यात हलतायत आणि तू आपला पळतोयस. शेवटी तो हवालदारच तोंड फिरवून हसला. त्या दिवसापासून सगळी कंपनी तुला ओळखायला लागली.

आणि ते भरीत. पलटण लढाईवर समुद्रापार बसऱ्याला गेली, तिथल्या बाजारात मी वांगी पाहिली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. काळीभोर, लांबट, आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही, पण वांगीच. आपण पाच सहा घेतली. कपाशीच्या शेतातल्या पऱ्हाटीच्या काड्या तिथे कुठून आणणार? खजुराच्या वाळल्या झावळ्या पेटवल्या, त्यावर भाजली, मिरच्या ठेचून घातल्या. तू तिघांच्या वाटचं खाल्लंस, बोटं चाटलीस, आणि मग जाहीर केलंस, "चांगलं शे. पन हाई भरीत नही."

मी म्हणालो, "मग काय आहे?"

"काय बी म्हन. पऱ्हाटीवर भुंजं नही ते भरीत नही."

"मग खाल्लंस कशाला एवढं?"

"भूक लागनी व्हती."

हे भांडण आपलं आठ दिवस चाललं. तू गेलास त्या सकाळीही चाललं होतं. मी म्हणत होतो, वांगं तेच, मिरची तीच, जाळ कशाचाही असो. तू म्हणत होतास, गावी चल, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. ते दाखवायचं राहिलं.

आता त्या सकाळचं.

तुझ्या पोटात गोळी लागली. मी तुला खांद्यावर घेऊन मागच्या खड्ड्यापर्यंत आणलं. तू जड होतास, आणि तशातही म्हणालास, "नामा, बूट दख." बूट होते, गळ्यातच होते. इस्पितळाचा माणूस आला, त्यानं पट्टी दाबली आणि मला बजावलं, पोटाची जखम आहे, डोली येईपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिलास तर मारशील याला. तो पुढच्या माणसाकडे गेला.

माझी पाण्याची बाटली भरलेली होती, दगडू. गळ्यापर्यंत भरलेली. कंबरेला हलली की आवाज करायची.

तू म्हणालास, "नामा, एक घोट दे." मी म्हणालो, थोडं थांब, डोली येतेय. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालास, "एकच घोट." मी म्हणालो, नाही देता येत रे, डॉक्टरनं नको म्हटलंय. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. रागावला नव्हतास. रागावला असतास तर बरं झालं असतं. लहानपणी मी तुला उसाचं कांडं दिलं नाही की जसा बघायचास, तसं बघितलंस आणि मान वळवलीस. तिसऱ्यांदा मागितलंच नाहीस. डोली आली तेव्हा तू संपला होतास.

त्यानंतर मला सगळ्यांनी सांगितलं की पाणी दिलं असतं तरी तू वाचला नसतास. मला धीर यावा म्हणून सांगत होते बिचारे. त्यांना कळत नव्हतं की ते काय सांगतायत. वाचणारच नव्हतास तर मग त्या एका घोटानं माझं काय जात होतं? ती बाटली मला तोंडाला लावता आली नाही. त्या मुलखात पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, आणि मी ती बाटली रेतीत उपडी केली. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

दोन वर्षांनी मी गावी आलो. माझ्या आधी सरकारी कागद आला होता. शाळेच्या मास्तरांनी तो तुझ्या मायला वाचून दाखवला होता, पण बनामाय ऐकणार थोडीच? गाव तिला बनामाय म्हणायचं आणि गावाला ती जुमानत नसे. तिनं मास्तरांना सांगितलं, "खान्देशमा काय एकच दगडू शे का? दर तिसरा घर दगडू शे. कोनी दुसरा व्हई."

तिचंही बरोबर होतं म्हणा. तुझ्या आधी तिची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथा तू. दृष्ट लागू नये, यमाला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही, म्हणून तुझं नाव दगडू ठेवलं, आणि चारचौघांत तुला नावं ठेवूनच वाढवलं. काळा आहे, आळशी आहे, खादाड आहे. यातलं खादाड तेवढं खरं होतं. तिचा त्या नावावर भरवसा होता. दगडाला काय होणार?

पण साक्षीदार मी होतो. मी आलो की खरं कळेल, असं सगळं गाव धरून बसलं होतं. वेशीपासून माणसं माझ्यामागे आली. माझी आई तेव्हा नव्हती, म्हणून मला ओवाळायला तुझीच माय दारात उभी होती. लढाईवरून आलेल्या माणसाला भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही, आणि तोवर तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, ही आपली रीत. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता. दुसऱ्या हातात भाकरीचे दोन तुकडे होते. एक माझा, एक तुझा.

ते दोन तुकडे मी पाहिले. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "दगडू कोठे शे?"

मी म्हणालो, "मांगून ई ऱ्हायना, माय."

मागून येतोय. एवढंच बोललो. मला वाटलं, ओवाळणं होऊ दे, आत जाऊ दे, पाणी पिऊ दे, मग तिला धरून बसवीन आणि सांगेन. पण तिनं एक तुकडा माझ्यावरून उतरवून टाकला आणि दुसरा पदराच्या गाठीत बांधला. अशी हसली, दगडू! गाव माझ्याकडे बघत होतं आणि मी जमिनीकडे. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. तो उद्या जवळजवळ तीस वर्षं टळला.

आता तूच सांग, मी किती मोठा गाढव! शत्रूच्या तोफांसमोर उभा राहिलो त्याचे बिल्ले लावून मिरवतात लोक, आणि एका बाईसमोर एक वाक्य बोलवेना.

आखाजी आली की माझे प्राण कंठाशी यायचे. घरोघर गेलेल्या माणसांच्या घागरी भरायचे, वर लहान मडकं, त्यावर डांगराचं फळ, सांजोरी, आंबा. नाव घेऊन पाणी सोडायचे. वैशाखाच्या उन्हात पितरांना तहान लागते, वर्षाचं पाणी त्यांना या एका दिवशी मिळतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बनामाय तुझ्या बापाची घागर भरायची. तुझी नाही. तुझं ताट वाढायची, जिवंत माणसाचं वाढतात तसं, पुरणपोळी, रस, कुरडई, आणि त्या ताटाशेजारी मला बसवायची. तू आला नाहीस की ते ताटही मलाच संपवायला लावायची. मी दोन माणसांचं जेवायचो. घास उतरायचा नाही, पण संपवायचो, कारण तिनं एकदा म्हटलं होतं, तू नाही खाल्लंस तर मला वाटेल की तो येत नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा तुझे भाऊबंद म्हणाले, आता रीतीप्रमाणे गवताचा पुतळा करून दहन करू, त्या जिवाला अडकवून ठेवू नये. त्या दिवशी मी ठरवून गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो, मीही चार शेंगा फोडल्या. ती मान वर न करता म्हणाली, "माले ठाऊक शे तू कसाले उना. गप शेंगा फोड." मी टोपलंभर शेंगा फोडल्या आणि घरी आलो.

गेल्या साली गावातली पोरं ब्रह्मदेशातल्या लढाईहून परत यायला लागली. ही तुझ्यानंतरची लढाई. तुला त्याचं काही नाही कळायचं. तुझ्या वेळी विमान दिसलं की आपण खंदकातून माना वर करून बघायचो, आता तर आभाळातूनच सगळं चालतं म्हणे. पाचोऱ्यावरून सैनिकांच्या गाड्या जातात असं तिच्या कानावर आलं, आणि बनामाय माझ्या दारात उभी. "नामा, गाडी जुप."

मी म्हटलं, माय, ही लढाई वेगळी. ती म्हणाली, "माले काय लढाया मोजता येत नहीत का? जुप."

तांब्याची कळशी घेतली, पेला घेतला. पाचोऱ्याच्या फलाटावर ती उभी राहिली. पंचाहत्तरीची बाई, पण काठी मला धरायला दिली. गाडी आली की खिडकीखिडकीशी जाऊन पोरांना पाणी पाजायची आणि तोंडं बघायची. बावीस वर्षांचीच तोंडं बघत होती, दगडू. पन्नाशीतल्या कुणाकडे तिनं पाहिलंच नाही. कळशी रिकामी झाली की मी नळावरून भरून आणायचो. एक पोरगा पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आजी, कोणाला शोधताय?"

"मना आंडोर शे. दगडू नाव. बसऱ्याले गयथा."

पोरगा चांगला होता. हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे, आणि म्हणाला, "आजी, बसऱ्याची गाडी मागून येतेय."

गाडी हलली. बनामाय तशीच उभी. आणि मग ती हसायला लागली. दारात हसली होती तसं नाही. कळशीतलं उरलेलं पाणी तिनं रुळावर ओतलं आणि म्हणाली, "चाल घर."

अर्धा रस्ता सरला. बैल आपले चालत होते. मग म्हणाली, "सगळाच मांगून येतस. नामा, आते सांग."

मी सांगितलं. गोळी कुठे लागली ते, तुला खांद्यावर आणलं ते, बुटांचं. बूट ऐकून ती म्हणाली, "येडाच व्हता." मग थांबून विचारलं, "पानी मांगं व्हतं का त्यानी?"

यासाठीच ती तीस वर्षं विचारत नव्हती. मी कासरा हातात गुंडाळला. म्हणालो, "मांगं व्हतं, माय. दोनदा."

"मंग? तू दिधं?"

"नही दिधं. बाटली भरेल व्हती. डॉक्टर नको म्हने. माले वाटनं, नही दिधं ते जगी जाई."

मी गाडीत लहान पोरासारखा रडलो, बावन्न वर्षांचा बाप्या. तिनं काठीनं माझ्या पाठीत ढोसलं. "रडू नको, बैल बिचकतीन."

मग बोलली ती. दगडू, ते तुला तिच्याच शब्दांत सांगतो. तू म्हणायचास ना, तिच्या आवाजात वाच.

"तू त्याले जगाडासाठे नही पाजं. मी बी त्याले जगाडासाठेच घागर नही भरी. तू एक दिन तान्हेला ठेवा, मी तीस वरीस. आते कोनं पाप मोठं म्हनसू?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी दारात खोटं बोललो तेव्हापासूनही असेल. घागर भरली की तू मेलास, म्हणून तिनं भरली नाही. आणि दर आखाजीला, बाहेर ऊन पेटलेलं असताना, आपलं लेकरू तहानलेलं असेल असं मनात धरून ती मला रस वाढत होती. मी मात्र तीस वर्षं समजत होतो की तुला तहानलेला ठेवणारा मी एकटाच.

मी म्हटलं, मग या आखाजीला भरू. ती म्हणाली, "मी शे तवलोंग नही. माय जित्ती नि आंडोरनी घागर? मी मरनू का मंग भर. दोन्हीसनी संगेच. तूच भर, दुसरा कोनी नको." दुसऱ्या दिवशी तिनं तुझ्या भाऊबंदांना बोलावून तेच बजावलं. ते म्हणाले, नामा आपल्या कुळातला नाही. तर म्हणाली, "दोन मानसेसनं जेवन तीस वरीस त्यानी खादं. कूळ कोठे गयथं तवय?"

त्या दिवसानंतर आम्ही दोघं तुझ्याबद्दल बोलायला लागलो. मोकळं, हसून. मी तिला भरताचं भांडण सांगितलं तर तिनं तुझीच बाजू घेतली, अर्थात. धुळ्याचा गुद्दा मात्र मी सांगितला नाही. तुझं एक तरी गुपित ठेवावं म्हटलं. एक वर्षच मिळालं आम्हाला, पण ते चांगलं गेलं.

कुंभाराकडून मी आज घागर आणली, वर ठेवायला लहान मडकं आणलं. मोठी तिची, लहान तुझं. तू तिच्यावर बसशील, मुकाट्यानं बसायचं. आधी वडीलधाऱ्यांचं पाणी सोडतात, पण मी आधी तुझं सोडणार आहे. लेकरू तहानलेलं असताना ती आधी पिणार नाही, आणि पुन्हा मलाच ओरडेल.

पुरणपोळी आहे, रस आहे. शिवाय मी पऱ्हाटीच्या काड्या काढून ठेवल्यात आणि वांगी आणलीत. आखाजीला कुणी भरताचा नैवेद्य दाखवत नाही, बायका हसतील. दाखवणार. गेल्या हिवाळ्यात मी दोन्ही करून पाहिलं, एक पऱ्हाटीवर, एक साध्या लाकडावर, शेजारी ठेवून. तुझं बरोबर होतं. दुसरं ते भरीत नव्हे. हे तू समोर असतास तर मी मेलो तरी कबूल केलं नसतं.

एवढंच राहिलं होतं. उद्या सकाळी मी विहिरीवर जाईन, पहिला पोहरा तुझा. नाव घेऊन पाणी सोडायचं असतं, तेव्हा माझा आवाज फाटला तर हसू नकोस. तू एक घोट मागितला होतास, दगडू. अख्खं मडकं भरून देतोय. आता कुणी नको म्हणणारं नाही. सावकाश पी.